तो धडा आठवीला आहे म्हणे

एका आईचं पत्र आलंय. थोडं छोटं करून देतेय.

"ताई, माझी मुलगी १० वर्षांची आणि मुलगा १३ चा, दोघंही सरकारी शाळेत. दोन महिन्यांपूर्वी मुलीला शाळेतच पहिल्यांदा पाळी आली. अर्धा तास बाथरूममध्ये रडत बसली होती, तिला वाटलं आत काहीतरी फाटलंय. मी सांगणारच होते पण वाटलं अजून वेळ आहे. शाळेत विचारलं तर बाई म्हणाल्या, तो धडा आठवीला आहे. आता लैंगिक शिक्षणाचे नियम कायद्याने ठरवायचा ड्राफ्ट आलाय, पालकांकडून सूचना मागवल्यात आणि मी पालक समितीवर असल्याने आमच्या शाळेचं म्हणणं मलाच लिहायचंय. ग्रुपवर नुसती भांडणं. अर्धे म्हणतात मुलं बिघडतील, अर्धे म्हणतात हे आईबापाचं काम, सरकारने यात कशाला पडायचं. मिस्टर दुसऱ्या गटात. मुलीचं रडणं आठवलं की वाटतं कायदा हवाच, मग वाटतं उद्या काहीही शिकवतील आणि मला विचारणारही नाहीत. काय लिहू? — गोंधळलेली आई"

ताई, आधी मुलीचं बोलू, ड्राफ्ट नंतर. तुम्ही "सांगणारच होते" असं लिहिलंय त्यात अपराधीपणा दिसतोय मला, तो बाजूला ठेवा कारण तुमच्यासारख्या कितीतरी आया त्याच "अजून वेळ आहे" मध्ये असतात आणि त्यांनाही कोणी वेळेवर सांगितलेलं नसतं. आज रात्री तिच्याजवळ बसा आणि आत काही फाटलेलं नव्हतं हे तिच्या तोंडून तिला एकदा म्हणू द्या. आणि १३ वर्षांच्या मुलालाही सांगा, पाळीबद्दल पण आणि त्याच्या स्वतःच्या अंगात जे बदल चाललेत त्याबद्दल पण. तो विचारत नाही म्हणजे त्याला प्रश्न नाहीत असं नसतं हो, त्याने ते मोबाईलला विचारलेले असतात आणि मोबाईलने काय दाखवलं ते तुम्हाला माहीत नसतं.

आता ड्राफ्ट. "तो धडा आठवीला आहे" हे वाक्य मी शिक्षिका असताना स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकलंय की तुमच्या पत्रात वाचून जीव कळवळला. पाळी साधारण १० ते १५ च्या दरम्यान सुरू होते, काही मुलींना आठव्या-नवव्या वर्षीसुद्धा. म्हणजे आठवीत धडा ठेवायचा म्हणजे वर्गातल्या बऱ्याच मुलींना जे आधीच होऊन गेलंय ते नंतर समजावून सांगायचं. मग ड्राफ्टमध्ये पहिली गोष्ट बघा ती वयाची. युनेस्कोने या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली २००९ मध्ये आणि २०१८ मध्ये सुधारली, त्यात चार टप्पे आहेत, ५ ते ८, ९ ते १२, १२ ते १५ आणि १५ च्या पुढे. ५ वर्षांच्या मुलाला लैंगिक शिक्षण म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर भलतंच येतं आणि तिथेच ग्रुपवर आग लागते, पण त्या वयाला काय असतं तर आपल्या अवयवांची खरी नावं, माझं शरीर माझं आहे, नको असलेला स्पर्श झाला तर कोणाला सांगायचं, घरं वेगवेगळी असतात, मुख्यतः असंच. पाळी, स्वप्नदोष, आवाज फुटणं हे ९ ते १२ मध्ये, म्हणजे बहुतेकांना होण्याच्या आधी. तुमच्या सूचनेत इयत्ता लिहू नका, "शारीरिक बदल सुरू होण्याआधी" असे शब्द मागा आणि मग कंसात वय मागा.

"मुलं बिघडतील" याचं उत्तर लवकर देते कारण त्यात फार काही उरलेलं नाहीये. युनेस्कोने जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चांगल्या लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर त्या वाटेला जातात असं कुठे दिसलं नाही, उलट बऱ्याच ठिकाणी उशिरा जातात, आणि गेलीच तर काळजी घेऊन जातात. उलट बाजूचा प्रयोग अमेरिकेत झाला. तिथे १९९६ नंतर "लग्नापर्यंत नकोच" एवढंच शिकवणाऱ्या वर्गांना सरकारी पैसा मिळाला, मग तिथल्या संसदेनेच त्याची तपासणी करायला लावली आणि २००७ चा अहवाल म्हणाला की ते वर्ग केलेल्या आणि न केलेल्या मुलांत काही फरक नाही, पहिल्या संबंधाचं सरासरी वयसुद्धा तेच. ग्रुपवर एवढं टाका आणि पुढे जा, त्यावर वाद घालत बसू नका.

खरा प्रश्न तुमच्या मिस्टरांचा आहे. आणि मला तो मनापासून बरोबर वाटतो, म्हणजे उत्तर नाही पण प्रश्न. मूल कोणाचं, आईबापाचं की सरकारचं, आणि आमच्या घरात जे मानतो त्याच्या उलट शाळेत शिकवलं तर आम्ही काय करायचं. हा प्रश्न जगात पहिल्यांदा तुमच्याच घरात पडलेला नाहीये. डेन्मार्कने १९७० मध्ये सरकारी शाळांत हे शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा तिथले काही आईबाप थेट युरोपच्या मानवी हक्क कोर्टात गेले, आमच्या श्रद्धेचं काय म्हणून. १९७६ मध्ये निकाल लागला तो आईबापांच्या विरोधात, पण कोर्टाने सरकारलाही मोकळं सोडलं नाही. माहिती वस्तुनिष्ठ असली पाहिजे, विचार करायला लावणारी असली पाहिजे, वेगवेगळ्या मतांना जागा देणारी असली पाहिजे आणि मुलांच्या डोक्यात एकच मत भरण्याचा उद्योग करायचा नाही, ती सरकारसाठीची लक्ष्मणरेषा. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या घटनात्मक कोर्टानेही साधारण तेच म्हटलं, की आईबापाची परवानगी लागणार नाही, पण काय आणि कसं शिकवणार ते त्यांना आधी कळलं पाहिजे, आणि शिकवताना संयम आणि सहिष्णुता पाहिजे.

मला यातून जे पटतं ते असं की आईबापाचा हक्क "बघण्याचा" पूर्ण असावा आणि "थांबवण्याचा" फार थोडा. बघण्याचा म्हणजे पुस्तक, व्हिडिओ, वर्गात वाटायचे कागद, बाहेरून कोणी बोलायला येणार असेल तर ते कोण, सगळं आधी. कॅलिफोर्नियात २०१६ पासून जो कायदा आहे त्यात शाळेने पालकांना आधी कळवायचं, साहित्य पाहू द्यायचं आणि ज्यांना नको त्यांनी लेखी कळवून मुलाला बाहेर काढायचं अशी सोय आहे, म्हणजे गप्प बसलात तर मूल वर्गात बसणार. हा बारीकसा फरक नाहीये बरं का. काही ड्राफ्टमध्ये उलट असतं, आईबापाने सही करून दिली तरच मूल बसणार, आणि मग ज्या मुलाच्या घरी कागदाकडे कोणी बघतच नाही ते मूल बाहेर राहतं, आणि सगळ्यात जास्त गरज बहुतेक वेळा त्यालाच असते. तुमच्या ड्राफ्टमध्ये सही "हो" साठी लागणार की "नाही" साठी हे शोधून काढा, त्या एका ओळीवर शेकडो मुलं अडतात.

थांबवण्याचा हक्क किती द्यायचा यावर इंग्लंडने केलेली विभागणी मला बरीच शहाणी वाटते. तिथे २०१७ चा कायदा, सप्टेंबर २०२० पासून लागू. नातेसंबंध, सुरक्षितता, संमती हा भाग वेगळा ठेवलाय आणि त्यातून मुलाला कोणी काढू शकत नाही, विज्ञानातल्या शरीराच्या धड्यातूनही नाही. लैंगिक संबंधांविषयीच्या भागातून आईबाप काढू शकतात, पण मूल १६ चं व्हायच्या तीन सत्रं आधीपर्यंत, त्यानंतर मुलाला स्वतःला बसायचं असेल तर शाळेने बसवायचं. शेजारच्या वेल्समध्ये २०२२ पासून सुरू झालेल्या नियमात बाहेर काढायची सोयच ठेवलेली नाही. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही ठरवा, पण सुरक्षिततेच्या भागातून मूल काढायचा हक्क कोणालाही नको, आईबापालाही नको, यावर मी ठाम आहे आणि का ते सांगते.

पाचवीच्या वर्गात मी एक खोका ठेवायचे, बुटाचा खोका, वरून चीर पाडलेली, नाव न लिहिता प्रश्न टाका म्हणून. बहुतेक चिठ्ठ्या अशाच, मिशा कधी येतात, बाळाला पोटात श्वास कसा घेता येतो, मुलांना पाळी का नाही. एकदा एक चिठ्ठी निघाली ती आठ घड्या घालून अगदी सुपारीएवढी केलेली, पेन्सिलीने लिहिलेली, खोडलेलं पुन्हा लिहिलेलं. "घरातल्या माणसाला नाही म्हटलं तर चालतं का." प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. मी ती मुख्याध्यापिकांकडे घेऊन गेले तर त्या म्हणाल्या फाडून टाका, नाव नाहीये, उगीच कुटाणे होतील. त्या वाईट बाई नव्हत्या ताई, घाबरलेल्या होत्या, कारण अशा वेळी काय करायचं हे त्यांच्या टेबलावरच्या कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्यांसमोर उत्तर दिलं, की चालतं, कोणालाही म्हटलं तरी चालतं, आणि मधल्या सुट्टीत मी वर्गातच बसते ज्याला यायचंय त्याने या. पहिले दोन दिवस कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. मुलगा. मी उगीचच मुलीची वाट बघत होते.

आता सांगा, त्या मुलाला वर्गातून काढायची सही कोण करणार होतं? जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दर ५ बायकांमागे १ जण लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगते, आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. म्हणून म्हणते, तुमच्यासारखे काळजी करणारे आईबाप समोर ठेवून कायदा लिहायचा नसतो. मिस्टरांना हे नीट सांगा, भांडून नाही, तुमच्यावर अविश्वास म्हणून हा नियम नाहीये असं सांगा. घरचे संस्कार घरात चालूच राहणार, लग्नाबद्दल धर्माबद्दल तुम्हाला जे वाटतं ते तुम्ही मुलांना सांगायचंच आहे, शाळेने फक्त ते सांगायचं जे खोटं असू शकत नाही आणि ज्याच्याशिवाय मूल अडचणीत सापडेल.

त्या चिठ्ठीवरून तुमच्या यादीतली पुढची गोष्ट. ड्राफ्टमध्ये असं कलम आहे का की मुलाने काही सांगितलं तर शिक्षकाने किती वेळात कोणाला कळवायचं, आणि कळवणाऱ्या शिक्षकाला संरक्षण काय? भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाच गुन्हा धरलाय, आणि ते चांगलंच आहे, पण शिक्षा सांगणारा कायदा वेगळा आणि सकाळी साडेदहाला चिठ्ठी हातात आल्यावर पुढचं पाऊल सांगणारा कागद वेगळा. दोन्ही पाहिजेत. शिकवायला सांगायचं आणि शिकवल्यावर मुलं बोलायला लागतात त्याची तयारी ठेवायची नाही, असं केलं तर शिकवणाऱ्या बाई एकट्या पडतात.

तुम्ही विचाराल कायदाच कशाला, शाळेने मनावर घेतलं की झालं. नाही होत. मी एका सरांना पाहिलंय, विज्ञानाच्या पुस्तकातली प्रजननाच्या धड्याची चार पानं त्यांनी मुलांना वर्गात स्टेपल करायला लावली आणि म्हणाले घरी वाचा. स्टेपलरचा तो टकटक आवाज वर्गभर फिरत गेला. आणि शेजारच्याच वर्गातल्या मॅडम तोच धडा इतका छान शिकवायच्या की मुलं बेल झाली तरी उठायची नाहीत. एकच शाळा, एकच पुस्तक. मूल कुठल्या तुकडीत पडलं यावर त्याला स्वतःचं शरीर कळणार की नाही हे ठरत होतं. कायदा नसतो तेव्हा सगळं शिक्षकाच्या धाडसावर राहतं, आणि धाडस करणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोणी नसतं, एक पालक ओरडत आला की मुख्याध्यापक म्हणणार तुम्हाला कोणी सांगितलं होतं.

आणि नुसतं परिपत्रकही पुरत नाही. भारतात २००५ मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आला, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना आणि शिक्षण खातं दोघांचा मिळून, आणि २००७ मध्ये त्यातल्या चित्रांवरून गदारोळ झाला तसा महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक अशा कितीतरी राज्यांनी तो थांबवला. चित्रं बदलता आली असती की. पण मागे कायदा नव्हता त्यामुळे बंद करायला एक घोषणा पुरली, आणि त्या मधल्या वर्षांतली मुलं तशीच मोठी झाली. जर्मनीच्या त्या १९७७ च्या निकालात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, कोर्ट म्हणालं की इतक्या नाजूक विषयाचा निर्णय शिक्षण खात्याने आपल्या आपण घ्यायचा नाही, मुख्य गोष्टी निवडून दिलेल्या सभागृहाने कायदा करून ठरवायच्या. म्हणजे चर्चा उघड होणार, विरोधकही बोलणार, आणि उद्या बदलायचं झालं तरी उघडच बदलावं लागणार. तुमच्या मिस्टरांना जी भीती आहे, की गुपचूप काहीही शिकवतील, तिच्यावर याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही. कायदा हवा म्हणणाऱ्यांची आणि सरकारवर भरवसा नसलेल्यांची इथे खरं तर एकच मागणी आहे.

ड्राफ्ट वाचताना हातात पेन्सिल घ्या आणि "योग्य", "उचित", "वयानुरूप", "संस्कृतीला साजेसं" असे शब्द दिसले की गोल करा. शब्द वाईट नाहीत, पण ठरवणार कोण ते लिहिलेलं नसेल तर ते शब्द म्हणजे पळवाट. "वयानुरूप" लिहिलं तर सोबत वयोगट पाहिजेत. "योग्य माहिती" ऐवजी "वैद्यकीयदृष्ट्या अचूक" मागा, हे शब्द कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहेत, आणि अमेरिकेतल्याच काही राज्यांत ते नाहीत म्हणून तिथे वर्गात चुकीचं सांगितलं तरी कायदा मोडत नाही. "प्रशिक्षित शिक्षक" असेल तर किती दिवसांचं प्रशिक्षण, दर किती वर्षांनी, आणि पैसा कुठून. अर्जेंटिनाचा २००६ चा कायदा बालवाडीपासून थेट शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजपर्यंत जातो, सरकारी आणि खाजगी दोन्हीकडे, ते मला आवडतं कारण बाईंना स्वतःलाच कोणी शिकवलेलं नसेल तर त्या स्टेपलरच हातात घेणार ना. मुली एका खोलीत आणि मुलं ग्राउंडवर, हे चालणार नाही असंही स्पष्ट लिहा, काही तास वेगळे घ्यायचे तर घ्या पण मुलांचाही तास झाला पाहिजे. आणि दिव्यांग मुलांना समजेल अशा पद्धतीने हे एक वाक्य कृपा करून घालाच, त्यांना कोणी हात लावला तर सांगायला शब्दच नसतात कारण ते शब्द त्यांना कोणी दिलेले नसतात.

तपासणीबद्दलही विचारा. तास झाला की नाही हे कोण बघणार. नोंदवहीत सही मारून तास झाला दाखवणं सोपं असतं, मुलांनाच वर्षातून एकदा नाव न विचारता चार प्रश्न विचारले तर खरं कळतं.

काय मागायचं नाही तेही सांगते. परीक्षा आणि मार्क नकोत, मार्क आले की हा विषयसुद्धा घोकंपट्टीचा होणार. वर्गात कुठलं वाक्य बोलायचं, मुलाने हा प्रश्न विचारला तर हेच उत्तर द्यायचं, इतकं बारीक कायद्यात नको. किमान काय मिळालंच पाहिजे ते कायद्याने बांधावं आणि कसं सांगायचं ते त्या बाईंवर सोडावं, त्या वर्ग ओळखतात. आणि पालकांशी बोलणं कायद्यातच बसवा. न्यूझीलंडच्या २०२० च्या शिक्षण कायद्यात शाळेने आरोग्याचा विषय कसा शिकवणार यावर दर दोन वर्षांनी निदान एकदा आसपासच्या लोकांचं म्हणणं घ्यायचं असं घातलं. नुसतं म्हणणं घ्यायचं, कोणा एकाला नको म्हणून बंद नाही पाडायचं. ग्रुपवरचं अर्धं भांडण अशा एका सभेत मिटेल असं मला वाटतं, समोरासमोर बसून तेच पुस्तक हातात घेतलं की माणसं फॉरवर्डमधल्या गोष्टी बोलत नाहीत, समोरच्या पानाबद्दल बोलतात.

पाठवायच्या आधी मिस्टरांना वाचायला द्या, बघण्याच्या हक्काचा भाग त्यांनाच लिहू द्या, ते तुमच्याहून कडक लिहितील आणि ते चांगलंच आहे. शाळेतल्या दोन-तीन शिक्षकांनाही विचारा की तुम्हाला काय मिळालं तर तुम्ही शिकवाल, आणि ते जे म्हणतील ते जसंच्या तसं घाला.

सुरुवात तुमच्या मुलीच्या त्या अर्ध्या तासाने करा, नाव आणि शाळा न घालता, चारच ओळी. समितीवरचे लोक शंभर सूचना वाचणार, ती ते विसरणार नाहीत. पण लिहायच्या आधी तिला विचारा. "तुझ्याबद्दल असं असं लिहू का, नाव नाही घालणार." वाचून दाखवा. नको म्हणाली तर त्या चार ओळी काढून टाका आणि का नको ते विचारत बसू नका, माझी चिठ्ठीची गोष्ट घाला त्या जागी, त्या मुलाला मी विचारलंय, तो आता मोठा झालाय आणि त्याने हो म्हटलंय.